एकाच खमक्या नेत्याच्या हातात सगळी सत्ता दिली तर देश लवकर सुधारेल का?

नाही, सुधारेलच अशी काही गॅरंटी नाही, अन् बिघडला तर थांबवणारं कोणी उरत नाही. लोकांना हे का आवडते ते समजते, फाईल या टेबलावरून त्या टेबलावर फिरत नाही, एक माणूस बोलला की काम सुरू. आपल्या नागपुरातच बघा ना, मार्च 2022 मध्ये मनपाची मुदत संपली अन् पुढे बराच काळ प्रशासकच होता, सभागृहातला गोंधळ नाही, ठराव लटकणं नाही, पण गल्लीतलं गटार तुंबलं तर नगरसेवकाच्या दारात जाऊन भांडायची सोयही नाही. अन् प्रशासकावर तरी वर सरकार, हायकोर्ट असते, अमर्याद सत्तेत तेही नाही.

सगळ्यात वाईट म्हणजे वरपर्यंत खरी बातमीच पोचत नाही. चीनमध्ये 1958 ला तिथल्या नेत्याने, माओने, 'मोठी झेप' नावाची उत्पादन झपाट्याने वाढवायची मोहीम काढली, खालच्या अधिकाऱ्यांनी भीतीपोटी धान्याचे आकडे फुगवले, सरकारने त्या हिशोबाने धान्य उचललं अन् खेड्यात खायलाच उरलं नाही, कोट्यवधी माणसं मेली. 1959 मध्ये संरक्षणमंत्र्यानेच चुका लिहून दिल्या तर त्यालाच घरी बसवलं!

हो, सिंगापूरचे ली क्वान यू 1959 ते 1990 पंतप्रधान होते अन् देश खरंच वर आला, हे मान्य. पण तिथं निवडणुका होत होत्या, एकतर्फी का होईना. अन् तसाच माणूस मिळेल हा जुगार आहे, झिम्बाब्वेचे मुगाबेसुद्धा 1980 मध्ये हिरो म्हणूनच आले होते, 2017 मध्ये शेवटी लष्कराने उतरवलं.