वावरात दिसलं ते नेमकं काय होतं?

मागच्या अंकात या सदरात काळ्या बिबट्यावर चार ओळी काय छापल्या, तेव्हापासून फोन थांबायचं नाव घेत नाही. कोणाला काळा दिसला, कोणाला सिंह दिसला, एका भाऊने तर चित्ता पाहिल्याचं आईची शपथ घेऊन लिहिलंय. सगळी पत्रं घेणं काही जमत नाही म्हणून पाच निवडली. नावं कोणाचीच छापत नाही, कारण असं काही दिसलं म्हणून सांगितलं की गावात माणसाचं पुढची दहा वर्षं काय होतं ते मला ठाऊक आहे.

प्रश्न : भाऊ, मी जागलीले, म्हणजे पीक राखायले गेलो होतो, तुरीच्या वावरात. सांज झाली होती, दिवस बुडून गेला होता पण अंधार पुरा पडला नव्हता. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, काळंकुट्ट जनावर उभं, कमरेएवढं उंच, शेपूट लांब. माझ्याकडे पाहिलं अन् नाल्यात उतरलं. गावात सांगितलं तर लोक म्हणतेत पिऊन होता. मी पीत नाही. आपल्याकडे ब्लॅक पँथर असते का? (मूल तालुका, चंद्रपूर)

असते. पण ब्लॅक पँथर म्हणून वेगळी जात नाही, तो आपलाच बिबट, अंगात काळा रंग जास्त उतरलेला. ऊन नीट पडलं तर काळ्यावर काळे ठिपकेसुद्धा दिसतात. बिबट्यात हा रंग दबून राहणारा आहे, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून तो आला तरच पिल्लू काळं होतं, आणि आईबाप दोघंही ठिपक्यांचे असून पोटी काळं पिल्लू येऊ शकतं. मलेशियाकडच्या ओल्या घनदाट जंगलात काळेच जास्त आहेत, आपल्याकडच्या सागाच्या, पानगळीच्या कोरड्या जंगलात फार कमी. तरी 2018 च्या मे महिन्यात ताडोबात पर्यटकांना भरदिवसा दिसला होता, फोटोसहित. तुमचा मूल तालुका तर ताडोबाच्या कुशीतच आहे, तेव्हा "असं होऊच शकत नाही" असं मी म्हणणार नाही, आणि तुम्हाला पिऊन होता म्हणणाऱ्यांनीही म्हणू नये.

आता दुसरी बाजू, राग मानू नका. तुम्ही दोन गोष्टी लिहिल्या, काळं आणि कमरेएवढं, आणि नेमक्या त्याच दोन गोष्टी सांजेच्या टायमाला डोळा चुकीच्या सांगतो. उजेड कमी झाला की डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशी कामातून जातात, राहतात त्या फक्त उजेड-अंधार ओळखणाऱ्या, मग पिवळं काय आणि भुरं काय, सगळं आधी करडं होतं अन् मग काळं. त्यात धुरा उंच, मागे आभाळ उजळ, म्हणजे जनावराची नुसती सावली दिसणार. आणि उंचीचं म्हणाल तर बिबट खांद्याशी दोन-सव्वादोन फूट भरतो, म्हणजे तुमच्या गुडघ्याच्या थोडा वर. कमरेएवढा बिबट मी तरी ऐकला नाही, कमरेला लागतो तो पट्टेदार वाघ. धुऱ्यावर चढलेलं जनावर मोठं दिसतं, कारण आपण धुऱ्याची उंचीपण त्यालाच देऊन टाकतो.

एक करा. त्याच वेळेला तिथं दोघं-तिघं जा, तुम्ही जिथं उभे होते तिथंच उभे राहा आणि गावातला एखादा कुत्रा धुऱ्यावर त्या जागी उभा करायला लावा. मग मनाशी ताडून पाहा, ते ह्याच्यापेक्षा केवढं मोठं होतं. मी स्वतः हे केलंय, कारण मी स्वतः फसलोय. ऐन हिवाळ्यात जागलीच्या मचाणावर बसून वीस मिनिटं मी एका बिबट्याकडे पाहत होतो, घाम फुटलेला, मोबाईलला रेंज नाही, खाली उतरायची हिंमत नाही, आणि मग त्या बिबट्याने म्याऊ केलं. शेजारच्या काकूंचा बोका होता, उंदरावर आला होता. घरी कोणाला सांगितलं नाही, आज पहिल्यांदा लिहितोय.

तुमचा बोका नसेल. जंगली मांजर असू शकतं, त्याची शेपूट मात्र आखूड असते, तुम्ही लांब म्हणता. उदमांजराची शेपूट लांब, पण ते एवढं उंच नसतं. लांब शेपूट आणि दबकत नाल्यात उतरणं हे दोन्ही बिबट्याकडे बोट दाखवतं. रंगाचं मी सोडून देतो. बिबट होता असं धरूनच जागलीला जा, एकट्याने नको.

प्रश्न : सर, माझा मुलगा इंटरनेटवर वाचून सांगतो की इंग्लंडमध्येपण लोकांना काळे पँथर दिसतात. तिथं तर बिबट नाहीतच ना? मग तिथले लोक खोटं बोलतात का? (शिक्षिका, आर्वी)

मॅडम, हा माझा आवडता विषय आहे, थोडं लांबेल.

खोटं फार थोडे बोलतात. इंग्लंडच्या दक्षिण-पश्चिमेला कॉर्नवॉलमध्ये बॉडमिन म्हणून माळरान आहे, तिथं लोकांना वर्षानुवर्षं मोठं काळं मांजर दिसायचं, मेंढ्याही मरायच्या. शेवटी 1995 मध्ये तिथल्या सरकारने अधिकारी पाठवून चौकशी केली, त्यांनी लिहिलं की पक्का पुरावा काही मिळाला नाही, पण नाहीच असंही म्हणता येत नाही. (सरकारी भाषा सगळीकडे सारखीच.) अहवाल आला आणि आठवड्याभरात एका पोराला नदीत कवटी सापडली, बिबट्याची! सगळे पेपर पेटले. लंडनच्या म्युझियमने तपासली तर कवटी खरंच बिबट्याची, पण मागून कापलेली, दिवाणखान्यात अंथरायला मुंडक्यासकट कातडं तयार करतात ना तशी, आणि आत उष्ण देशातल्या झुरळाच्या अंड्यांची कोशी. म्हणजे ते बिबट कधीकाळी आपल्यासारख्या गरम मुलखातून गालिचा होऊन गेलं होतं.

2012 मध्ये इंग्लंडच्याच एसेक्स भागात सिंह दिसला म्हणून पोलिसांनी हेलिकॉप्टर फिरवलं. सिंह सापडला नाही, बहुतेक ते मेन कून जातीचं केसाळ पाळीव मांजर होतं. 2023 च्या जुलैत बर्लिनजवळ सिंहिणीचा व्हिडिओ आला, लोकांना घरात बसायला सांगितलं, दीड दिवस पोलीस झाडाझुडपात, आणि तज्ज्ञांनी व्हिडिओ नीट पाहिला तर रानडुक्कर! आपल्याकडचा कोणताही शेतकरी दहा सेकंदात सांगून मोकळा झाला असता, आणि वरून पिकाची नुकसानभरपाईपण मागितली असती.

पण सगळंच हसण्यावारी नेता येत नाही. तिकडे 1976 पर्यंत माणसं घरी प्यूमा (अमेरिकेतलं मोठं रानमांजर), बिबटे पाळायची, मग लायसनचा कायदा आला आणि काहींनी गुपचूप सोडून दिले असं म्हणतात. 1980 मध्ये स्कॉटलंडमध्ये एका शेतकऱ्याच्या पिंजऱ्यात खरीखुरी प्यूमा सापडली, चांगली माणसाळलेली.

आणि खरी गोष्ट अमेरिकेतली. कनेटिकट राज्यात 2011 मध्ये लोक म्हणत होते प्यूमा दिसला, अधिकारी म्हणत होते इथं प्यूमा नाहीतच, असला तर कोणाचा तरी पाळलेला सुटला असेल. मग जूनमध्ये एक प्यूमा गाडीखाली आला आणि डीएनए तपासला तर निघाला साउथ डकोटाचा, जवळपास अडीच हजार किलोमीटर चालत आलेला, पूर्ण रानटी. साक्षीदार बरोबर, साहेब चूक.

तुम्ही आर्वीच्या, म्हणजे आपल्या मुलखातला नमुनापण ऐकला असेल. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेला एक तरुण वाघ, गळ्यात रेडिओ कॉलर, 2019 च्या जूनमध्ये निघाला आणि तेलंगणा, नांदेड, हिंगोली करत करत डिसेंबरपर्यंत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला, तेराशे किलोमीटर. नंतरची भटकंती धरली तर तीन हजार. वॉकर नाव पडलं त्याचं. त्याच्या वाटेत सगळं जंगल नव्हतं हो, कपाशी होती, सोयाबीन होतं, हायवे होते, रेल्वे होती. आता विचार करा, त्याच्या गळ्यात तो पट्टा नसता तर वाटेतल्या किती माणसांना "इथं कुठला वाघ, तरस पाहिला असशील" म्हणून गप्प केलं असतं. टिपेश्वरचाच दुसरा एक 2024 च्या शेवटी पार धाराशिवच्या येडशीत कॅमेऱ्यात सापडला, पट्ट्यांवरून ओळखला त्याला, कारण पट्टे बोटांच्या ठशासारखे, दोन वाघांचे जुळत नाहीत.

म्हणून मुलाला सांगा की इंग्लंडमध्ये "काहीच नव्हतं" हे उत्तर बहुतेक वेळा चालून जातं, आपल्याकडे चालत नाही. 2022 च्या गणतीत महाराष्ट्रात 444 वाघ आणि 1985 बिबट निघाले, त्यातले बहुतेक वाघ विदर्भात. इथं प्रश्न "होतं का" हा नसतो, "कोणतं होतं" हा असतो.

प्रश्न : आमच्या गावच्या ग्रुपवर सिंहाचा व्हिडिओ फिरून राहिला, रात्री रस्त्यावरून चालला, खाली लिहिलं दारव्हा रोड. पोरं घराबाहेर निघेनात. दुसरा एक जण म्हणते तो चित्ता आहे. खरं काय? (यवतमाळ जिल्हा)

दोन्ही नाही. भारतात रानटी सिंह फक्त गुजरातेत, गीर आणि त्याच्या आजूबाजूला, 2025 च्या मोजणीत 891. तिथं ते रात्री गावातून फिरतात हे खरं आहे, तेच व्हिडिओ नाव बदलून आपल्याकडे येतात. दुकानांच्या पाट्या गुजराती आहेत का तेवढं पाहा, नव्वद टक्के काम तिथंच होतं. आजकाल एआयने बनवलेलेही येतात, त्यात पाय मोजा, शेपूट पाहा, चालताना सावली सोबत चालते का पाहा, आणि पहिला व्हिडिओ कोणी काढला ते विचारा, प्रत्येक जण "मले दुसऱ्या ग्रुपवर आला" म्हणत असेल तर समजून घ्या.

चित्ता आपल्या देशातून संपला असं 1952 मध्ये जाहीर झालं, आता 2022 पासून मध्य प्रदेशात कुनोला आफ्रिकेतून आणून सोडलेत. आपल्याकडे जुनी माणसं बिबट्यालाच चित्ता म्हणतात, अर्धा घोटाळा त्याचाच आहे. चित्त्याच्या डोळ्यापासून तोंडापर्यंत काळी रेघ असते, काजळ ओघळल्यासारखी, आणि ठिपके भरीव, बिबट्याचे फुलासारखे पोकळ.

प्रश्न : तीन रात्री झाल्या, घरामागच्या झुडपातून करवत चालवल्यासारखा आवाज येते. काल बकरी मारली. सासरे म्हणतात भुताटकी आहे, मालक म्हणतात कुत्रे आहेत. (अर्जुनी मोरगाव, गोंदिया)

ताई, तुम्हीच बरोबर शब्द वापरला. करवत. बिबट असाच बोलतो, ओल्या लाकडात करवत मागे-पुढे ओढल्यासारखा खर्र-खर्र, वाघासारखी लांब डरकाळी नसते त्याची. आजूबाजूला माकडं खॉक-खॉक करत असतील तर आणखी खात्री.

बकरीकडे पाहा. गळ्यावर दातांची चार खोल छिद्रं आणि बाकी अंग बऱ्यापैकी शाबूत, ओढत नेल्याची रेघ, असं असेल तर बिबट. मागचे पाय, कान, शेपटीकडे फाडाफाडी, पाच-पन्नास छोट्या जखमा, तर मालकांचं खरं, गावातली कुत्री. सासऱ्यांना म्हणा भुताला बकरीच्या मटणाची गरज नसते.

बिबट वाटत असेल तर मेलेली बकरी हलवू नका, फोटो काढा, वनरक्षकाला लगेच कळवा किंवा 1926 वर फोन करा, पंचनामा झाल्याशिवाय पैसे मिळत नाहीत आणि पंचनाम्याला पुरावा लागतो. बाकीच्या बकऱ्या रात्री दार लागणाऱ्या कोठ्यात, वरूनपण बंद, कारण बिबट कुडावरून आत उतरतो. आणि लहान पोरांना झाकट पडल्यावर परसाकडे एकटं पाठवू नका, खाली बसलेला माणूस त्याला बकरीएवढाच दिसतो.

प्रश्न : सोबत पायाच्या ठशाचा फोटो पाठवतो. आमच्या नाल्यातल्या गाळात मिळाला. वाघाचा आहे असं सगळे म्हणतात. सांगावं. (मेहकर, बुलढाणा)

फोटो पाहिला, तीनदा पाहिला. चार बोटं, आणि बोटांपुढे नखांचे टोक उमटलेत, एकूण एक. वाघ-बिबट चालताना नखं आत घेऊन चालतो, घसरला-बिसरला तरच उमटतात. शिवाय मांजरकुळाच्या पंजाच्या गादीला मागच्या बाजूने तीन कंगोरे असतात, तुमच्यात मला ते दिसत नाहीत. कुत्रा, लांडगा किंवा तरस. तरसाचे पुढचे पंजे मागच्यापेक्षा मोठे असतात, तुमच्या फोटोत डावीकडे अर्धा ठसा आहे तो लहान वाटतो, म्हणून मी तरसावर पैसे लावीन. अंगावर पट्टे, पुढून उंच, रात्री फिरणार, त्यामुळे वाघ म्हणून सगळ्यात जास्त बदनाम तोच होतो बिचारा.

पण केवढा आहे ते कसं सांगू? फोटोत मोजायला काहीच नाही. ओल्या गाळात ठसा पसरतो, आणि चालताना मागचा पाय पुढच्याच्या ठशावर पडला तर दोन मिळून एक भलामोठा तयार होतो. म्हणून नवीन, कोरा ठसा शोधा, बाजूला आगपेटी किंवा दहाचं नाणं ठेवा, सरळ वरून फोटो काढा, आणि एकच नको, ओळीत चार-पाच ठसे घ्या. सकाळी ऊन तिरपं असताना काढला तर कडा स्पष्ट येतात. जाताना दोघं जा, बोलत जा. ज्ञानगंगा तुमच्यापासून वाघाच्या हिशोबाने दोन-तीन रात्रींवर आहे. फोटो आला की पुढच्या अंकात सांगतो.