मोलच्या गणितात ग्रॅम दिले की भागायचं की गुणायचं, हेच कळत नाही. सुरुवात कुठून करू?

तू लिहिलं आहेस की दहावीपर्यंत मराठी माध्यम होतं, समीकरण संतुलित करता येतं, पण अकरावीच्या गणितात ग्रॅम दिसले की अडतं. मी सोलापुरात अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते. समीकरण संतुलित करता येत असेल तर तुझं अर्धं काम झालेलं आहे, हे आधी मनात पक्कं कर.

अडचण अशी असते की समीकरणातले आकडे कणांची संख्या सांगतात आणि तराजू ग्रॅम दाखवतो. आपल्याकडे विडी वळणाऱ्या घरात हे रोज चालतं: पान आणि तंबाखू वजनावर मिळतो, विड्या मात्र मोजून परत जातात आणि मजुरी हजारावर ठरते. वजनावरून संख्येकडे जायचा हिशोब त्या बायकांना तोंडपाठ असतो. रसायनशास्त्रात हजाराच्या जागी मोल येतो. १ मोल म्हणजे ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात इतके कण. (जुन्या पुस्तकात १२ ग्रॅम कार्बन-१२ वरून केलेली व्याख्या दिसेल. २० मे २०१९ पासून ती बदलून थेट कणांच्या संख्येवर आली. तुझ्या गणितांना त्याने काहीच फरक पडत नाही.)

आता एक गणित पूर्ण करू. कळीच्या चुन्यात पाणी घातलं की भिजवलेला चुना तयार होतो. आपल्या जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांत उसाचा रस स्वच्छ करायला हाच चुना पाण्यात कालवून रसात सोडतात.

कॅल्शियम ऑक्साइड + पाणी → कॅल्शियम हायड्रॉक्साइड

तिन्हींचं प्रमाण १:१:१. रेणुवस्तुमानं ५६, १८ आणि ७४. समज, २८ ग्रॅम कळीचा चुना आणि १२ ग्रॅम पाणी दिलंय. भिजवलेला चुना किती मिळेल?

५६ च्या पुढे एकक लिही: ग्रॅम प्रति मोल. हे एकक लिहायचा कंटाळा करतात, तिथेच भागू की गुणू हा प्रश्न जन्माला येतो. २८ ग्रॅमला ५६ ग्रॅम प्रति मोलने भागलं की ग्रॅम कटतो आणि ०.५ मोल उरतो. गुणलं असतंस तर एककात ग्रॅमचा वर्ग आला असता, आणि तसलं काही कुणी विचारलेलंच नाही. उलट मोलवरून ग्रॅमकडे जाताना गुणायचं, कारण तिथे मोल कटायला हवा.

पाणी १२ भागिले १८, म्हणजे ०.६६७ मोल. वजनाने पाणी कमी आहे, तरी आधी संपतो तो चुना. इथे बहुतेक मुलं फसतात: कमी ग्रॅम म्हणजे आधी संपणार, असं गृहीत धरतात. आधी काय संपणार हे मोल काढून, समीकरणातल्या प्रमाणाशी ताडूनच ठरतं. तर ०.५ मोल चुन्यापासून ०.५ मोल भिजवलेला चुना, गुणिले ७४, म्हणजे ३७ ग्रॅम. पाणी उरलं ०.१६७ मोल, म्हणजे ३ ग्रॅम. सुरुवातीला २८ + १२ = ४०, शेवटी ३७ + ३ = ४०. ही बेरीज प्रत्येक गणितात करून बघ. परीक्षेत अर्ध्या मिनिटात चूक सापडते. (हा प्रयोग मात्र घरी करू नकोस. चुना उकळल्यासारखा तापतो आणि डोळ्यांत उडाला तर डोळा जातो.)

प्रमाण १:१ नसेल तेव्हा आणखी एक खड्डा असतो. टॉवेलचं कापड पांढरं करायला हायड्रोजन पेरॉक्साइड वापरतात. ते विघटित होतं तेव्हा २ रेणूंपासून पाण्याचे २ आणि ऑक्सिजनचा १ रेणू मिळतो. शुद्ध पेरॉक्साइड १७ ग्रॅम घेतलं, रेणुवस्तुमान ३४, म्हणजे ०.५ मोल. ऑक्सिजन त्याच्या निम्मा, ०.२५ मोल, गुणिले ३२, म्हणजे ८ ग्रॅम. काही जण समीकरणातला २ रेणुवस्तुमानातच गुणून ६८ ने भागतात आणि पुन्हा प्रमाण लावून निम्मं करतात. तो २ एकदाच वापरायचा, मोलच्या पायरीवर. आणि ऑक्सिजन वायूचे ३२ घ्यायचे. १६ एका अणूचे.

वायूचं आकारमान विचारलं तर दाब बघ. ० अंश सेल्सियसला १ अ‍ॅटमॉस्फियर दाबाला १ मोल आदर्श वायू २२.४ लिटर, आणि १ बार दाबाला २२.७ लिटर. दोन पुस्तकांत दोन आकडे दिसतात ते यामुळेच.

सूत्रांचा तक्ता पाठ करू नकोस. ग्रॅमवरून मोल, मोलवरून दुसऱ्या पदार्थाचे मोल, तिथून पुन्हा ग्रॅम किंवा लिटर, इतकीच वाट आहे.

आता एक तू कर: २५ ग्रॅम शुद्ध चुनखडी पूर्ण भाजली. चुनखडीचं रेणुवस्तुमान १००. कळीचा चुना १४ ग्रॅम आणि कार्बन डायऑक्साइड ११ ग्रॅम यायला हवा. ० अंश आणि १ अ‍ॅटमॉस्फियरला त्या वायूचं आकारमान ५.६ लिटर.