फुटलेलं ब्रेस्ट इम्प्लांट काढायचं कधी?

वाचकांचे प्रश्न, प्लास्टिक सर्जन आणि रेडिओलॉजिस्ट यांची उत्तरं

प्रश्न : वय ४६. २०११ मध्ये दोन्ही बाजूंना सिलिकॉन जेलची इम्प्लांट्स बसवली. काहीच त्रास नाही. पण नेहमीच्या सोनोग्राफीत ‘डाव्या बाजूला इंट्राकॅप्सुलर रप्चरची शक्यता’ असं आलं. एका डॉक्टरांनी पंधरा दिवसांत ऑपरेशन करा म्हणून सांगितलं. मुलीची बारावीची परीक्षा फेब्रुवारीत आहे. तोवर थांबलं तर चालेल का? (पुणे)

चालेल. त्याआधी एक तपासणी मात्र करून घ्या.

इम्प्लांट बसवल्यावर शरीर त्याभोवती एक पातळ, चिवट पडदा तयार करतं. त्याला कॅप्सूल म्हणतात. इम्प्लांटचं कवच फाटलं तरी जेल बहुतेक वेळा या कॅप्सूलच्या आतच राहतं, यालाच इंट्राकॅप्सुलर रप्चर म्हणतात. म्हणून आकार बदलत नाही, दुखत नाही, डॉक्टरांनी हातानं तपासलं तरी काही लागत नाही. मॅमोग्राफीतही हे दिसत नाही, कारण तिथे फक्त कॅप्सूलबाहेर आलेलं जेल कळतं. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेनं त्रास नसलेल्या स्त्रियांनाही इम्प्लांटनंतर ५-६ वर्षांनी आणि पुढे दर २-३ वर्षांनी एमआरआय किंवा सोनोग्राफी करायला सांगितलंय, ते याचसाठी.

तुमच्या रिपोर्टमध्ये ‘शक्यता’ हा शब्द आहे. तेवढ्यावर ऑपरेशनची तारीख घेऊ नका, आधी एमआरआय करा. त्यासाठी पालथं झोपावं लागतं आणि साधारण अर्धा-पाऊण तास लागतो. नुसतं इम्प्लांट फुटलंय का एवढंच पाहायचं असेल तर कॉन्ट्रास्टचं, म्हणजे चित्र ठळक करणाऱ्या औषधाचं, इंजेक्शन लागत नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘इम्प्लांट फुटल्याचा संशय, सिलिकॉन सीक्वेन्स हवेत’ (म्हणजे सिलिकॉन वेगळं दाखवणारी चित्रं) असं स्पष्ट लिहून घ्या. नाहीतर गाठ शोधण्याचा नेहमीचा एमआरआय होतो आणि मूळ प्रश्न तसाच राहतो. कवच फाटून आत कोसळलं असेल तर जेलमध्ये शेवयांसारख्या वळलेल्या रेषा तरंगताना दिसतात. चांगल्या इम्प्लांटलाही घड्या पडतात, पण त्या कडेपासून निघून आत जातात आणि कडेला चिकटलेल्याच असतात. या दोन्हींत गल्लत होऊ शकते. म्हणून फिल्म स्तनांचे एमआरआय नेहमी वाचणाऱ्या रेडिओलॉजिस्टला दाखवा. ऑपरेशन ठरवण्याआधी दुसरं मत घेण्यात संकोच कसला?

फुटल्याचं पक्कं झालं आणि जेल कॅप्सूलच्या आतच असेल, तर घाई नाही. काही आठवडे, अगदी दोन-तीन महिने गेले तरी बिघडत नाही, परीक्षा होऊ द्या. मात्र ‘त्रास नाही ना, मग राहू दे’ म्हणत वर्षानुवर्षं टाळू नका. डेन्मार्कमधल्या डॉक्टरांनी फुटलेली इम्प्लांट्स न काढता दोन वर्षांनी पुन्हा एमआरआय केला, तेव्हा बहुतेकींमध्ये फरक नव्हता, पण काहींमध्ये जेल पुढे सरकलं होतं. जेल एकदा स्तनाच्या पेशींत मुरलं की ते एकटं काढता येत नाही, सोबत थोडा स्तनही काढावा लागतो. शिवाय मुरलेल्या जेलच्या गाठींमुळे पुढच्या मॅमोग्राफी वाचणं अवघड होतं.

जेल बाहेर आलं असेल, स्तन कडक होत असेल, दुखत असेल किंवा आकार बदलला असेल, तर लांबवू नका, काही आठवड्यांत काढा. ताप, लाली, पू किंवा एका बाजूला अचानक आलेली सूज असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

वय जास्त आहे, हृदयाचा आजार आहे, भूल देणं धोक्याचं आहे, आणि जेल आतच आहे, अशा वेळी न काढता ठरावीक काळानं एमआरआय करून लक्ष ठेवणं हाही योग्य निर्णय आहे. तुमचं वय पाहता आम्ही काढायलाच सांगू. उजवं इम्प्लांटही तेवढंच जुनं आहे, तेव्हा त्याचाही निर्णय त्याच वेळी घ्या.

आणखी एक गोष्ट तपासा : इम्प्लांट कोणत्या कंपनीचं आहे? फ्रान्सच्या पीआयपी कंपनीनं वैद्यकीय दर्जाचं नसलेलं सिलिकॉन वापरल्याचं २०१० मध्ये उघड झालं. फ्रान्स सरकारनं डिसेंबर २०११ मध्ये न फुटलेली इम्प्लांट्सही काढून घ्यायचा सल्ला दिला. ब्रिटननं सरसकट काढायला सांगितलं नाही. पण फुटलेलं पीआयपी ठेवा, असं कुणीच म्हणत नाही. ऑपरेशनच्या वेळी मिळालेल्या इम्प्लांटच्या कार्डावर ते नाव असेल तर तारीख अलीकडे आणा.

प्रश्न : माझं सलाइनचं इम्प्लांट आहे. चार दिवसांत एक बाजू चपटी झाली. विषबाधा होईल का? (कोल्हापूर)

नाही. आत निर्जंतुक मिठाचं पाणी असतं, ते शरीर शोषून घेतं. एमआरआयचीही गरज नाही, आरशातच निदान होतं. मात्र फार थांबू नका. रिकामं कवच चुरगळतं, भोवतीची जागा आकसते आणि नवं बसवायचं असेल तर काम वाढतं. काही आठवड्यांत ऑपरेशन ठरवा.

प्रश्न : २०१४ मध्ये कॅन्सरमुळे स्तन काढला आणि इम्प्लांट बसवलं. आता त्याच बाजूच्या काखेत टणक गाठ लागतेय. कॅन्सर परत आला का? इम्प्लांटचं कार्डही सापडत नाही. (नागपूर)

कॅन्सर किंवा सिलिकॉनची गाठ, दोन्ही शक्यता आहेत, आणि हाताला लागण्यावरून त्या वेगळ्या ओळखता येत नाहीत. फुटलेल्या इम्प्लांटचं सिलिकॉन काखेतल्या लसिका ग्रंथींत जाऊन बसतं आणि तिथे टणक गाठ होते. सोनोग्राफीत तिच्या मागे हिमवादळासारखा पांढुरका धूसर पट्टा दिसतो, रेडिओलॉजिस्ट तो चटकन ओळखतात. पण कॅन्सर होऊन गेलेल्या बाईच्या बाबतीत चित्रावर थांबायचं नसतं. सुईनं नमुना घेऊन पॅथॉलॉजिस्टला दाखवायलाच हवा. हे याच आठवड्यात करा आणि तुमच्या कॅन्सरतज्ज्ञांना कळवा.

नमुन्यात नुसतं सिलिकॉन निघालं, तर इम्प्लांट काढावं लागेल. ग्रंथी मात्र दुखत नसेल तर काढायची गरज नाही. काखेतल्या जास्तीच्या ऑपरेशननं हाताला सूज येते आणि नसा दुखावतात. इम्प्लांटच्या जागी पोटाची किंवा पाठीची त्वचा आणि चरबी वापरून स्तन घडवता येतो. रेडिएशन झालं असेल तर बहुतेक वेळा तोच मार्ग बरा.

कार्ड नसेल तर त्या हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात ऑपरेशनची नोंद मागा. इम्प्लांटच्या डब्यावरचं लेबल केसपेपरला चिकटवलेलं असतं, त्यावर कंपनी, लॉट आणि सीरियल नंबर असतो.

प्रश्न : बाळ पाच महिन्यांचं आहे, अंगावर पितं. एमआरआयमध्ये एक इम्प्लांट फुटलेलं दिसलं. दूध तोडू का? (ठाणे)

तोडू नका. फुटलेल्या इम्प्लांटमुळे अंगावरचं दूध बाळाला बाधतं, असा पुरावा नाही. ऑपरेशन दूध पूर्ण थांबल्यावर तीन ते सहा महिन्यांनी करा. स्तन दुधानं भरलेला असताना छेद दिला तर जखमेतून दूध झिरपत राहतं आणि जंतुसंसर्गाची भीती असते. मधल्या काळात ताप आला किंवा स्तन लाल झाला, तर ते नेहमीचं दूध साकळणं आहे असं समजून घरी शेकत बसू नका.

प्रश्न : एका क्लिनिकनं सांगितलं की, कॅप्सूल अख्खं, एका तुकड्यात काढलं नाही तर उपयोग नाही. त्यासाठी मोठं पॅकेज आहे. खरं का? माझं इम्प्लांट खरबरीत पृष्ठभागाचं आहे. (दुबई)

सरसकट खरं नाही. अख्खं कॅप्सूल एका तुकड्यात काढणं मुख्यतः एका आजारात आवश्यक ठरतं. खरबरीत इम्प्लांटभोवती क्वचित होणारा लिम्फोमा (लसिका पेशींचा कॅन्सर), म्हणजे बीआयए-एएलसीएल, तो आजार. याच आजारामुळे अ‍ॅलरगननं जुलै २०१९ मध्ये आपली ‘बायोसेल’ ही खरबरीत इम्प्लांट्स जगभरातून मागे घेतली. पण काही लक्षण नसेल तर केवळ त्या कारणासाठी इम्प्लांट काढा, असं एफडीएनंही म्हटलं नाही.

या लिम्फोमाचं लक्षण ओळखून ठेवा : ऑपरेशनला वर्ष उलटून गेल्यावर, बहुतेकदा कितीतरी वर्षांनी, एक बाजू पाणी भरल्यासारखी सुजते. ते पाणी आधी सोनोग्राफीखाली सुईनं काढून सायटॉलॉजी (पेशींची तपासणी) आणि सीडी३० (या लिम्फोमाची खूण असलेलं प्रथिन) तपासणीला पाठवावं लागतं. ते तसंच फेकून देऊन इम्प्लांट बदललं, तर निदान हातचं जातं.

नुसतं फुटलेलं असेल तर जेल आणि जेलनं माखलेलं कॅप्सूल शक्य तेवढं काढतात. मागचा भाग बरगड्यांना घट्ट चिकटलेला असतो. तो ओढून काढताना फुप्फुसाचं आवरण फाटू शकतं, म्हणून जाणता सर्जन तेवढा तुकडा तिथेच ठेवतो. ते काम अर्धवट सोडणं नव्हे. काढलेलं कॅप्सूल बायोप्सीला पाठवलंय ना, हे मात्र विचारा.

ऑपरेशन पूर्ण भूल देऊन, स्तनाखालच्या घडीतून होतं. ड्रेन (साचलेलं पाणी बाहेर काढणारी नळी) लावलाच असेल तर चोवीस तासांत ३० मिलीपेक्षा कमी पाणी येऊ लागल्यावर काढतात. ऑपरेशनच्या किमान चार आठवडे आधी सिगारेट, तंबाखू, मिशरी बंद. रक्त पातळ करणारी गोळी मनानं थांबवू नका, ज्यांनी दिली त्यांना विचारा. नंतर चार ते सहा आठवडे घट्ट स्पोर्ट्स ब्रा घाला, भरलेली बादली किंवा सिलिंडर उचलू नका. नवं इम्प्लांट त्याच वेळी बसवता येतं, पण जंतुसंसर्ग असेल तर काही महिने थांबावं लागतं.

प्रश्न : मेडिक्लेम मिळेल का? (नाशिक)

सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया पॉलिसीत वगळलेली असते. पण कॅन्सर, अपघात किंवा भाजल्यानंतरची पुनर्रचना, आणि तब्येतीला थेट, तातडीचा धोका टाळण्यासाठी गरजेचे उपचार या अपवादात येतात. आधी मंजुरी मागताना एमआरआयचा रिपोर्ट आणि ‘काढणं वैद्यकीय कारणासाठी का आवश्यक आहे’ हे लिहिलेलं सर्जनचं पत्र जोडा. नव्या इम्प्लांटचा खर्च बिलात वेगळा दाखवायला सांगा, नाहीतर त्याच्यामुळे सगळाच दावा अडकतो.