शेजारी बसू का, असं तुम्ही विचारलंय

नमस्कार ताई,

पत्र मिळालं. येत्या शनिवारी तुमच्या 16 वर्षांच्या लेकीचं पहिलं ऑनलाइन करिअर समुपदेशन आहे, 45 मिनिटांचं. ती स्क्रीनसमोर गप्प होते, म्हणून तुम्ही संभाव्य प्रश्नांची उत्तरं वहीत लिहून तिच्याकडून घोकून घेताय आणि शेजारी बसू का, असं विचारताय. शिवाय कल चाचणीत ‘सामाजिक’ आणि ‘कलात्मक’ वर आल्यामुळे इंजिनिअरिंगचा विषय संपला का, ही धास्ती आहेच.

ती वही आधी कपाटात ठेवा. ही तोंडी परीक्षा नव्हे. घोकलेलं उत्तर बहुतेक वेळा दुसऱ्या वाक्यालाच कळतं आणि मग त्यामागची खरी मुलगी शोधण्यातच अर्धा वेळ जातो.

आता शेजारी बसण्याचं. सुरुवातीला पाच मिनिटं बसा, मग उठून जा, शेवटी दहा मिनिटांसाठी परत या, आणि असं करणार हे समुपदेशकांना आधीच कळवा. मीही समुपदेशकच आहे; समोरासमोरच्या भेटीत मी पालकांना “जरा बाहेर बसता का?” म्हणू शकते. व्हिडिओ कॉलवर कॅमेऱ्याच्या कडेला कोण बसलंय ते मला दिसतच नाही. मुलीची नजर प्रत्येक उत्तराआधी एकाच बाजूला वळते, तेवढं मात्र दिसतं. इअरफोन लावला की माझा आवाज घरात ऐकू जात नाही, पण तिचा जातोच ना! त्यामुळे दार लावता येईल अशी खोली मिळवणं हीच मोठी तयारी. तशी खोली नसेल तर घरात कमी माणसं असतील अशी वेळ मागून घ्या.

गप्प राहण्यावर दोन साधे उपाय आहेत. स्वतःचा चेहरा दिसणारी चौकट तिला बंद करू द्या. अनेक मुलं त्यातच अडकतात. आणि अवघड उत्तर चॅटमध्ये लिहिलं तर चालेल का, हे विचारून ठेवा. मी तर आनंदाने हो म्हणते. बाकी उजेड तोंडावर हवा, पाठीशी खिडकी नको, आणि कॉल तुटला तर कोणी कोणाला फोन करायचा हे ठरलेलं हवं.

लेकीने काय तयार करायचं? “काय व्हायचंय?” याचं उत्तर नको. गेल्या महिन्यात कोणी न सांगता केलेलं एखादं काम, अर्ध्यात सोडलेलं एखादं, आणि चांगले मार्क पडूनही न आवडणारा एखादा विषय, एवढं तिने स्वतःच्या अक्षरात लिहावं. ही युक्ती जुनीच आहे. 1908 मध्ये बोस्टनमध्ये व्यवसाय मार्गदर्शनाचं केंद्र सुरू करणारे फ्रँक पार्सन्स तरुणांसाठी शंभराहून जास्त प्रश्नांची आत्मपरीक्षणाची यादी वापरत. तुमच्या लेकीला एक पान पुरे.

चाचणीचा अहवाल आणि गुणपत्रिका दोन दिवस आधी पाठवा, म्हणजे कॉलवर पानं उलटण्यात वेळ जाणार नाही. अहवालातले शब्द बहुधा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांच्या आवडींच्या सहा प्रकारांतले आहेत. 1959 मध्ये त्यांनी ही मांडणी केली. अशी चाचणी काय आवडतं ते विचारते, काय जमतं ते नाही. क्षमतेची चाचणी वेगळी असते. तेव्हा या अहवालावरून कुठलंच दार बंद होत नाही. पहिल्या तीन प्रकारांच्या गुणांत किती अंतर आहे तेही बघा. एक-दोन गुणांचाच फरक असेल तर त्या क्रमाला फार अर्थ नसतो.

तुमचं स्वतःचं पान वेगळं लिहा. फीसाठी किती झेपेल, लांब पाठवायची तयारी आहे का, हे समुपदेशकांना आधी कळवा आणि लेकीलाही सांगा. सगळं ठरल्यावर “पण एवढे पैसे नाहीत” हे कॉलवरच तिच्या कानावर पडलं, की मुलं एकदम मिटतात. मी ते पाहिलंय.

आणि एक प्रश्न समुपदेशकांना तुम्हीच विचारायचा, तोही पहिल्या पाच मिनिटांत: तुम्ही सुचवलेल्या संस्थेत तिने प्रवेश घेतला तर तुम्हाला काही मोबदला मिळतो का? संकोच करू नका. मलाही पालक विचारतात, मी सरळ उत्तर देते आणि पुढे बोलणं सुरू होतं.