पडद्यामागचं : तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : टायरन पॉवरचा ‘ब्लड अँड सँड’ (१९४१) पाहिला. बैलांच्या झुंजीवरचा दोन तासांचा सिनेमा, पण बैल मरताना काही दिसत नाही. असं का? (एक वाचक, मिरज)

उत्तर : तेव्हाच्या हॉलिवूडच्या आचारसंहितेमुळे. प्राण्यांचा छळ पडद्यावर दाखवायला मनाई होती. स्पेनच्या रिंगणात मात्र सहसा बैल मारल्याशिवाय खेळ संपत नाही. आधी घोड्यावरचे भालेवाले त्याची मान दुबळी करतात, मग रंगीत कागद गुंडाळलेले काटे जोडीजोडीने पाठीत रोवतात, आणि शेवटी लाल कापड नि तलवार घेऊन मॅटाडोर, म्हणजे बैलाला मारणारा मुख्य झुंजार, एकटा समोर येतो. (लाल रंग बघून बैल पिसाळतो ही थाप आहे. तो हलत्या कापडावर धावतो.)

मग दिग्दर्शक रूबेन ममूलियनने बैलापेक्षा बघ्यांवर लक्ष दिलं. माझ्या मते सिनेमा तिथेच तरला. मूळ कादंबरी १९०८ची, वालेन्सियाच्या व्हिसेंते ब्लास्को इबान्येसची. तिच्या शेवटच्या वाक्यात डरकाळी फोडणारं खरं, एकमेव जनावर म्हणजे ती गर्दी. सिनेमात हे जनावर जवळून बघायचं तर कुरो नावाच्या, झुंजींवर लिहिणाऱ्या समीक्षकाला बघा. लेअर्ड क्रेगरने काय साकारलाय हा गृहस्थ! गलेलठ्ठ, नटवा, जिभेवर साखर नि मनात विष. आधी हा नायकाच्या, म्हणजे मॅटाडोर हुआनच्या, मेलेल्या बापाची टर उडवतो. हुआनचं नाव झाल्यावर त्यालाच जगात पहिला ठरवतो. हुआन घसरला की निघाले महाराज त्याचा प्रतिस्पर्धी मॅटाडोर मानोलो याची आरती ओवाळायला. आणि हुआन अंगठेछाप! आपल्याबद्दल काय छापून आलंय हे त्याला दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागतं. शेवटी प्रार्थनाघरात बायकोच्या, कार्मेनच्या, कुशीत तो जीव सोडत असताना बाहेर मानोलोच्या नावाचा जयघोष चालू असतो. मानोलो लवून सलाम करतो, आणि शेजारी वाळूवर हुआनच्या रक्ताचा डाग पडलेला असतो. कथा घिसीपिटी आहे असं तुम्ही पुढे लिहिलंय. गरीब पोर, पैसा, परक्या बाईचा नाद, घसरण. मान्य. पण कुरो असेपर्यंत मला कंटाळा येत नाही.

प्रश्न : या सिनेमातली दृश्यं चित्रासारखी वाटतात, ती रंगीत फिल्मची करामत का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : फिल्मची थोडी, ममूलियनची जास्त. त्याने जुने स्पॅनिश चित्रकार समोर ठेवले होते. हुआनच्या लहानपणीच्या घराला मुरियो, रिंगणाला गोया, प्रार्थनाघराला एल ग्रेको. सेटवर तो रंगाचे फवारे हाताशी ठेवायचा. एखादी वस्तू, एखादं कापड डोळ्यांत खुपलं की मारला फवारा! प्रार्थनाघरातल्या प्रसंगांत आवाज बंद करून नुसत्या सावल्या बघा. अर्नेस्ट पामर आणि रे रेनाहन यांना रंगीत छायाचित्रणाचं ऑस्कर मिळालं, ते उगाच नाही.

प्रश्न : हुआनला नादी लावणारी डोन्या सोल झालेली रीटा हेवर्थ अमेरिकनच ना? स्पॅनिश इतकी कशी शोभते? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : जन्म न्यूयॉर्कचा, पण पाळण्यातलं नाव मार्गारीटा कार्मेन कान्सिनो. वडील एदुआर्दो सेव्हिलजवळचे नर्तक, मुलगीही लहानपणापासून त्यांच्याबरोबर नाचलेली. हॉलिवूडने आधी तिचं स्पॅनिशपण पुसलं. आडनाव आईचं लावलं, काळे केस लालसर केले, कपाळावरची केसांची रेघ विजेच्या सुईने मागे सरकवली. एवढं झाल्यावर कोलंबिया स्टुडिओकडून तिला, हा सिनेमा काढणाऱ्या फॉक्स स्टुडिओने उसनं आणलं, ते स्पॅनिश बाई करायला! मानोलो झालेल्या अँथनी क्विनबरोबरचा तिचा नाच चुकवू नका. हुआन नुसता बघत बसतो, आणि नाच संपायच्या आत त्याचं राज्य गेलेलं असतं. गाण्यातला आवाज मात्र तिचा नाही.

प्रश्न : आमच्या गोव्यातली धिरयो म्हणजे हाच प्रकार का? पोर्तुगीजांनीच आणला असेल. (एक वाचक, मडगाव)

उत्तर : नाही हो. धिरयोत बैलाशी बैल भिडतो. कापणी झालेल्या शेतात शिंगाला शिंग लागतं, जो पाठ फिरवून पळेल तो हरला. माणसाचा सहभाग आरडाओरड्यापुरता नि पैजेपुरता. तलवार नाही, मॅटाडोर नाही. पोर्तुगालचा खेळ याहून निराळा. तिथे रिंगणात बैलाला मारत नाहीत, आणि शेवटी आठ जणांची टोळी नुसत्या हातांनी त्याला धरते. उच्च न्यायालयाच्या बंदीनंतरही धिरयो चोरून होते, हे तुम्हाला मी मुंबईत बसून काय सांगायचं!

प्रश्न : याच कथेवरचा रुडॉल्फ व्हॅलेंटिनोचा जुना मूकपट आधी बघावा का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : आधी १९४१चाच बघा. १९२२च्या मूकपटात व्हॅलेंटिनोचे डोळे आहेत, पण प्रसंग रखडतात. डोरोथी आर्झनरचं संकलन मात्र बारकाईने बघा. खऱ्या झुंजींच्या तयार फिल्मला तिने व्हॅलेंटिनोचे जवळून घेतलेले चेहरे असे जोडले की तोच बैलासमोर उभा आहे असं वाटावं. पुढे ती स्वतः दिग्दर्शक झाली. १९२२मध्येच विनोदी नट स्टॅन लॉरेलने या मूकपटाचं विडंबन केलं, ‘मड अँड सँड’. लॉरेलच्या जोडीला हार्डी यायला अजून अवकाश होता. त्यात नायकाचं नाव ऱ्हुबार्ब व्हॅसेलिनो. मूळ दोन्ही बघून झाल्यावर, जेवणानंतर लावा.