रुग्णालयाचं प्रशासन सांभाळायचंय, पण सुरुवात कुठून?

प्रश्न : फिजिओथेरपीची पदवी घेऊन १०० खाटांच्या खासगी रुग्णालयात क्वालिटी विभागात काम करते. पुढे रुग्णालयाचं प्रशासन सांभाळायची इच्छा आहे. नोकरी सोडून हॉस्पिटल मॅनेजमेंट करू का? हाती पद नसल्यामुळे ज्येष्ठ डॉक्टर माझं ऐकत नाहीत.

उत्तर : नोकरी एवढ्यात सोडू नका. पदवी घेतलेले उमेदवार भरपूर असतात, पण एखादी अडलेली गोष्ट सुधारून दाखवलेले थोडे. तुमच्यासमोर चालता वॉर्ड आहे, त्यातलं डिस्चार्जचं काम हाती घ्या.

सलग ५० डिस्चार्जमध्ये पाच टप्प्यांची घड्याळातली वेळ नोंदवा: डॉक्टरांनी राउंडला घरी सोडायला सांगितलं ती, डिस्चार्ज समरी (उपचारांचा गोषवारा) तयार झाली ती, उरलेली औषधं फार्मसीत परत गेली ती, अंतिम बिल निघालं ती आणि खाट रिकामी झाली ती. रोखीचे आणि कॅशलेसचे रुग्ण वेगळे ठेवा, नाहीतर टीपीएच्या (विमा कंपनीतर्फे क्लेम तपासणाऱ्या संस्थेच्या) मंजुरीत गेलेला वेळ सगळ्यांच्या सरासरीत मिसळतो आणि खोळंबा कुठे होतो ते दिसत नाही. विमा नियामक आयआरडीएआयच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार विमा कंपनीने डिस्चार्जची अंतिम मंजुरी ३ तासांत द्यायची आहे. पण हे तास रुग्णालयाची विनंती पोचल्यावर सुरू होतात, आणि सकाळी दहाला सोडलेल्या रुग्णाची समरी आरएमओ (वॉर्डमधला निवासी डॉक्टर) दुपारी लिहायला घेतो. उद्या कोण घरी जाणार हे आदल्या संध्याकाळी ठरलं, तर समरीचा मसुदा आणि औषधांचा हिशेब रात्रीच होतो.

महिन्याला ५०० डिस्चार्ज आणि प्रत्येकी ४ तास वाचले, तर २,००० तास, म्हणजे साधारण ८३ खाटा-दिवस (एक खाट पूर्ण दिवस, असे ८३) मोकळे होतात. मात्र हा आकडा मालकांपुढे जपून मांडा. खाटा मुळात ७५ टक्केच भरत असतील, तर मोकळ्या खाटेने उत्पन्न वाढत नाही. तिथला फायदा असा, की आयसीयूतून बाहेर येणाऱ्या रुग्णाला दुपारीच वॉर्ड मिळतो.

आता डॉक्टरांचं. व्हिजिटिंग कन्सल्टंट तुमचे कर्मचारी नाहीत. मीटिंगमध्ये त्यांच्या नावानिशी तक्ता लावलात, तर ते दुरावतील. आधी एकेकट्यांना भेटा, त्यांचाच आकडा दाखवा, काय अडतं ते विचारा. ज्यांना हे पटेल अशा एकाच डॉक्टरांच्या रुग्णांवर दोन आठवडे प्रयोग करा. वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरना पहिल्या दिवसापासून सोबत घ्या, त्यांच्याशिवाय यातलं काहीच टिकणार नाही.

यासोबत अकाउंट्समध्ये बसा. जनआरोग्य योजनेच्या पॅकेजमध्ये खर्च बसतो का, क्लेमची रक्कम कशामुळे कापली जाते, कोणती येणी किती दिवस थकलीत ते समजून घ्या. क्वालिटीतली हुशार माणसंसुद्धा इथेच मागे पडतात: एनएबीएचचे (रुग्णालयांना गुणवत्तेची मान्यता देणाऱ्या मंडळाचे) निकष पाठ असतात, पण ते पाळायला येणारा खर्च सांगता येत नाही.

हे झालं की पदवी. मुंबईच्या टिसचा (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) एमएचए, म्हणजे हॉस्पिटल अ‍ॅडमिनिस्ट्रेशनची पदव्युत्तर पदवी, आणि पुण्याच्या सिम्बायोसिसचा एमबीए दोन्ही पूर्णवेळ दोन वर्षांचे, त्यामुळे खर्चात फीसोबत दोन वर्षांचा बुडणारा पगारही धरा.

वर्षभरात आकडा सुधारूनही बजेट किंवा माणसं तुमच्याकडे आली नाहीत, तर नोकरी बदला. नव्या ठिकाणी पदनामाच्या आधी तीन गोष्टी विचारा: किती खाटा, थेट हाताखाली किती माणसं आणि खरेदीवर किती रुपयांपर्यंत तुमची सही चालेल.