आमच्या डोंगरावर माती मोजायला कोण आलं होतं?

प्रश्न : ताई, परवा एका शेतकरी मेळाव्यात सांगितलं की भारतात दर वर्षी हेक्टरी सोळा टन माती वाहून जाते. आमची गोव्यात सत्तरी तालुक्यात उतारावर काजूची बाग आहे, तीस वर्षांत माती मोजायला कोणी आलेलं मी तरी बघितलं नाही. मग हा आकडा आणला कुठून? – एक वाचक, वाळपई

उत्तर : भाऊ, तुमच्याकडे कोणी आलंच नव्हतं, त्यामुळे तुम्हाला दिसणार तरी कसं! हा आकडा मूळचा १९८३ चा आहे. डेहराडूनच्या मृद व जलसंधारण संस्थेतले ध्रुव नारायण आणि राम बाबू यांनी मांडलेला, नेमका सांगायचा तर हेक्टरी १६.३५ टन. अख्ख्या देशाचा मिळून ५३३ कोटी टन, आणि त्यातली २९ टक्के समुद्रात जाते, १० टक्के धरणांत बसते, बाकीची ६१ टक्के नुसती इकडून उठून तिकडे जाऊन पडते. हा शेवटचा भाग मेळाव्यात कोणी सांगत नाही, सगळी माती समुद्रातच गेली असं वाटायला लागतं.

आता त्यांनी काय केलं, तर देशात ठिकठिकाणी जे प्रयोगाचे प्लॉट होते त्यांचे आकडे, नद्यांच्या पाण्यातला गाळ, धरणांत साठलेला गाळ आणि पावसाचं रेकॉर्ड हे सगळं एकत्र करून हिशेब मांडला. म्हणजे मोजणी थोड्या जागी आणि अंदाज सगळ्या देशाचा. यात फसवाफसवी काही नाही, दुसरा मार्गच नव्हता, फक्त तो आकडा तुमच्या बागेचा समजू नका एवढंच.

प्लॉट म्हणजे काय तेही सांगते. उतारावर जमिनीची एक लांबट पट्टी आखायची, चारी बाजूंनी पत्रा नाहीतर फळ्या ठोकायच्या, खालच्या टोकाला टाकी, पाऊस पडला की टाकीतलं पाणी मोजायचं, गाळ वाळवून वजन करायचं, झालं. अमेरिकेत मिसूरीला १९१७ मध्ये मिलर यांनी असे प्लॉट केले आणि पुढे तीच पद्धत सगळीकडे गेली. तिकडे पट्टीची लांबी ७२.६ फूट ठरली, कारण सहा फूट रुंद पट्टी घेतली की क्षेत्र बरोबर एकराचा शंभरावा भाग येतो, गुणाकार सोपा. आजही मातीची धूप काढायच्या फॉर्म्युल्यात (तो पुढे सांगते) ती २२.१ मीटर लांबी तशीच आहे, कोणाच्या तरी आकडेमोडीच्या सोयीसाठी ठरलेली!

आपल्याकडे सुरुवात १९३० च्या दशकात, कोरडवाहू शेतीच्या संशोधनातून. सोलापूर, विजापूर, हगरी, रायचूर, रोहतक अशी पाच केंद्रं होती, सोलापूरला कृषिशास्त्रज्ञ कानिटकरांनी पुष्कळ काम केलं. आता ही गावं बघा, सगळी दुष्काळी पट्ट्यातली. स्वातंत्र्यानंतर १९५४ पासून डेहराडून, कोटा, बळ्ळारी, उटी वगैरे केंद्रं आली, म्हणजे हिमालयाचा पायथा, चंबळच्या घळी, काळी जमीन, निलगिरीचे बटाट्याचे उतार. तेव्हा गोव्यात पोर्तुगीज होते, त्यामुळे आपण त्या केंद्रांच्या यादीत असायचं काही कारणच नव्हतं. आणि आपल्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत, सोलापूरच्या चौपट. तिथली मोजपट्टी इथे लावायची म्हणजे जरा जपूनच.

मग १९६५ मध्ये अमेरिकेत विशमायर आणि स्मिथ यांनी ठिकठिकाणच्या प्लॉटचे वर्षानुवर्षांचे आकडे घेऊन धुपीचं एक समीकरण केलं, १९७८ मध्ये ते सुधारलं. पावसाचा मारा, माती किती सहज सुटते, उताराची लांबी, उताराचा चढ, वर काय झाकण आहे, आणि बांधबंदिस्ती आहे का, अशा सहा गोष्टींचा गुणाकार. आपल्याकडेही १९७८ मध्येच राम बाबू, तेजवानी वगैरे मंडळींनी देशाचा पावसाच्या माऱ्याचा नकाशा केला, आणि त्यानंतर धूप मोजायला माणूस जागेवर गेलाच पाहिजे असं राहिलं नाही, गुणाकार टेबलावर बसून करता येतो. तुमच्या बाबतीत खरी मेख पाचव्या गोष्टीत आहे. काजू पडायच्या आधी खालचं रान साफ करता ना, बिया आणि बोंडं वेचायला बरं पडतं म्हणून? जमीन तशीच उघडी राहिली आणि मिरगाचा पाऊस थेट तिच्यावर आला की तुमचा आकडा सोळा राहत नाही. पालापाचोळा जाळू नका, उतारावर आडवा रचून ठेवा.

प्रश्न : कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी देशातल्या खराब झालेल्या जमिनीचा आकडा हवाय. एका ठिकाणी १८.७ कोटी हेक्टर आहे, दुसरीकडे १२ कोटी. जमीन सुधारली की काय? – विद्यार्थिनी, फोंडा

उत्तर : नाही गं, व्याख्या बदलली. १९७६ मध्ये राष्ट्रीय कृषी आयोगाने १४.८ कोटी म्हटलं होतं. १९९४ मध्ये नागपूरच्या मृदा सर्वेक्षण ब्युरोने नकाशा केला तेव्हा १८.७ कोटी झालं, मग सगळ्या संस्थांचे आकडे जुळवून २०१० मध्ये १२ कोटी. कोणी हलकी धूपही धरतं, कोणी हेक्टरी दहा टनांच्या वरचीच. प्रोजेक्टमध्ये आकडा लिहिशील तेव्हा शेजारी वर्ष आणि कोणी मोजला ते लिही, नुसता आकडा लिहिलास तर मार्क कापले तरी तक्रार करू नकोस.

अजून एक सांगते. धुपीच्या राज्यवार नकाशांसाठी याच ब्युरोने मातीचे नमुने दर दहा किलोमीटरच्या चौकोनाला एक असे घेतले होते. गोवा ३७०२ चौरस किलोमीटर. भागाकार कर, जेमतेम ३७ येतात! खाजन, मोरड, कुळागर, सडा, घाट अशी आपली नाना तऱ्हेची जमीन, सगळं त्या ३७ मध्ये बसवायचं.

प्रश्न : आमच्या शेतात खाणीच्या डंपाची लाल माती येऊन बसली, वर्षानुवर्षं पीक नाही. नकाशात मात्र आमचा भाग 'कमी धूप' दाखवलाय. हा काय प्रकार? – एक शेतकरी, डिचोली तालुका

उत्तर : नकाशा खोटा नाही, पण तो तुमचा प्रश्न विचारतच नाही. धुपीचा नकाशा ज्यावरून काढतात ते वर सांगितलेलं सहा गोष्टींचं समीकरण फक्त थरथराने आणि बारीक ओघळांनी जाणारी माती धरतं. दरड, घळ, ढासळलेला डंप यातलं काहीच त्यात येत नाही. आणि माती जिथून गेली ती जागा दाखवतं, जिथे येऊन बसली ती नाही. तुमचं शेत सपाट, म्हणून कमी धूप. गुणाकार बरोबर आणि शेत बुडालेलं!

आपल्याकडे एक टन खनिज काढायला साधारण अडीच-तीन टन माती-दगड उपसावे लागतात, ते सगळं डंपावर. २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने खाणी थांबवल्या होत्या, पण डंपावर पडणारा पाऊस काही थांबला नाही. नुकसानभरपाईचं बोलायचं असेल तर धुपीचा नकाशा घेऊन जाऊ नका, शेतात खड्डा खणून लाल थर किती इंच आहे त्याचा फोटो घ्या, मोजपट्टी आत धरून, तारखेसकट.

प्रश्न : घरच्या घरी मोजता येतं का हो काही? खर्च नको. – काणकोणहून

उत्तर : येतं की. फूट-दीड फूट लांबीच्या लोखंडी सळ्या घ्या, बोटापेक्षा बारीक, उतारावर वरपासून खालपर्यंत वीसेक ठोका, प्रत्येकीचा किती भाग वर आहे ते पावसाआधी वहीत लिहा आणि चवथ (गणेशचतुर्थी) झाल्यावर परत मोजा. वरचा भाग सरासरी एक मिलिमीटरने वाढला तर हेक्टरी सुमारे तेरा टन गेली असं धरा. म्हणजे तो देशाचा सोळा टनांचा आकडा सव्वा मिलिमीटरचाच आहे, डोळ्याला दिसणारसुद्धा नाही. काही सळ्यांपाशी माती वाढलेली दिसेल, तीही लिहा, सोडू नका.

सळ्या नको असतील तर जुन्या काजूची मुळं बघा. वीस वर्षांच्या झाडाचं मूळ चार सेंटिमीटर उघडं पडलं असेल तर वर्षाला दोन मिलिमीटर. बुंध्याला चिकटून मोजू नका, तिथे पाणी वेगळं वाहतं.

मी स्वतः एकदा चोवीस सळ्या ठोकल्या होत्या, मोठ्या हौसेनं वही केली, आणि पावसाळा संपायच्या आत कोणीतरी एकोणीस उपटून भंगारात घातल्या. तेव्हापासून मी बांबूच्या खुंट्या वापरते, वरच्या टोकाला लाल रंग लावून.